घोटलेल्या बटाट्यांचा वास

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मेलेला होता.

म्हणजे मला तसं वाटलं. डिसेंबरातली दुपार, वारा पूर्ण पडलेला, ऊन पातळ आणि स्वच्छ. मी चॅपलमागच्या ओकच्या रानातून जवळच्या वाटेनं अंडी आणायला निघाले होते. आणि झाडाखाली एक माणूस पालथा पडलेला, गाल जमिनीला टेकलेला, हात पुढे, हातात बारीक काठी.

"अहो!" मी ओरडले. "अहो, ऐकू येतंय का?"

"येत होतं," तो न हलता म्हणाला. "माशीलाही आलं. उडाली."

"कसली माशी?"

"आता कशाला विचारता? गेली ना ती." त्यानं मान वळवली. एका गालाला माती लागलेली, दुसरा थंडीनं लाल. "तुम्ही सिदोनीबाईंची भाची ना? खानावळीतल्या नव्या बाई?"

"आणि तुम्ही जिवंत आहात ना, नक्की?"

"सध्या तरी." तो हसला नाही, पण डोळ्यांच्या कडा हलल्या. "आलाच आहात तर आडव्या व्हा. उभ्या राहिलात की सावली पडते."

मी का आडवी झाले? माहीत नाही. हातातली टोपली बाजूला ठेवली आणि नव्या कोटासकट त्या गारठलेल्या गवतावर पालथी पडले. शेजारी. हातभर अंतर ठेवून.

"उन्हाकडे तोंड करा. जमिनीच्या अगदी लगत बघा. काठीनं गवत हलवलं की ती उठेल. सरळ वर, आळसावल्यासारखी. जिथून उठेल तिथे खाली ट्रफल."

"तुमच्याकडे कुत्रं नाही?"

"होती. नुगा." थोडं थांबून म्हणाला, "पानगळीत गेली."

मग आम्ही बोललो नाही. एखाद्याशेजारी इतका वेळ गप्प पडून राहणं... मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. माशी उठली. त्यानं बोटांनी माती उकरली, हळू, झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी. काळा, खरबरीत गोळा निघाला – ओकच्या मुळांशी मातीत वाढणारं, सोन्याच्या भावानं विकलं जाणारं अळंबं. तो त्यानं आपल्या नाकाशी नेलाच नाही. थेट माझ्या नाकाशी धरला.

"सांगा. कसं आहे?"

माझे डोळे आपोआप मिटले. "पिकलेलं," मी म्हणाले. "अगदी आजचंच."

"मलाही तेच वाटलं," तो म्हणाला.

त्याचं नाव व्हेराँ.

*

बटाटे पिवळे घ्यावेत, आकारानं सारखे. सालासकट, गार पाण्यात, मीठ आधीच. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात.

*

सिदोनीआत्याचं मनगट मोडलं म्हणून मी शरद संपताना इथे आले होते, तिची खानावळ सांभाळायला. दोन महिने, असं ठरलं होतं. आत्या खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि खिडकीतून गाव बघायची.

"आला बघ," ती म्हणायची. "तुझा मातीवाला."

"माझा कुठला?"

"मग माझा म्हणू? माझं वय झालं गं, रोझलीन."

व्हेराँ मागच्या दारानं यायचा. रुमालात दोन-तीन ट्रफलं. रुमाल उघडायचा, एकेक उचलून माझ्या नाकाशी धरायचा. "तुम्ही सांगा." पहिल्या वेळी तुम्ही. तिसऱ्या वेळी – "तू सांग."

"हे अजून कच्चं आहे. आठवडाभर तरी."

"हं. आणि हे?"

"हे... थांब, हात जवळ आण. हे छान आहे."

"हाताचाच वास घेतेस की ट्रफलचा?"

"दोन्ही. फरक आहे थोडा."

माझ्या ओठांशी त्याची बोटं असायची. मला वाटायचं, हा त्याचा डाव आहे. काही पुरुष फुलं आणतात, काही गाडीत फिरवतात. हा माणूस दिवसाआड माझ्यापुढे तळहात धरतो आणि डोळे मिटायला लावतो. मी मिटायचे. आणि दोन महिने संपत आले आहेत, हे आत्याला आठवण करून द्यायचं मी बंद केलं.

*

आमच्याकडे जानेवारीत, संत आंत्वानच्या रविवारी, चर्चमध्ये ट्रफलची मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना असते. दानाच्या थाळीत लोक नाणी टाकत नाहीत, ट्रफल टाकतात. मिस्सेनंतर सगळ्या गावाचं जेवण. भाजलेला कोंबडा असतोच, पण लोक वाट बघतात ती सोबतच्या बटाट्यांची. ट्रफल घालून घोटलेले, लोण्यानं जड झालेले. जेवणासाठी ट्रफल पुरवायची पाळी दरवर्षी एका घराची. यंदा व्हेराँच्या घराची.

आणि एक रीत. त्या दिवसाचं ट्रफल स्वयंपाकघरात येईपर्यंत अखंड हवं. एरवी बाजारात शंका आली तर चाकूनं छोटी चीर पाडून आतल्या रेषा बघतात, मग भाव उतरतो. संताच्या ट्रफलला चाकू लागत नाही, मातीही धूत नाहीत. नाकावर भरवसा ठेवायचा, बस्स.

बटाटे यंदा मी करायचे होते.

"जमलं तर राहशील," आत्या म्हणाली. "नाही जमलं तरी राहशील. पण जमव."

*

गरम असतानाच सोलायचे. बोटं भाजतात, भाजू द्यायची. बारीक चाळणीतून दाबून काढायचे. कधीही भराभर फेटायचे नाहीत, नाहीतर खळीसारखे चिकट होतात. मंद आचेवर थोडे सुकवायचे. मग गार लोणी, तुकडा तुकडा.

*

गुरुवारी मी सराव केला.

"सरावाला ट्रफल?" आत्या ओरडली. "डोकं फिरलंय का? नुसते कर. हात बसू दे."

तर नुसतेच केले. लोणी, दूध, मीठ. मऊ झाले, चकाकले. आत्या वर झोपायला गेली आणि व्हेराँ मागच्या दारातून आत आला, बूट पायपुसण्याला घासत. मी काही न बोलता चमचा त्याच्या तोंडाशी नेला. मलाही कधीतरी त्याला डोळे मिटायला लावायचं होतं.

त्यानं मिटले. हळूहळू गिळलं.

"वा," तो म्हणाला. "ट्रफल काय उतरलंय... नाकात भरून राहतं अगदी."

मी चमचा धरून तशीच उभी.

"व्हेराँ. यात ट्रफल नाहीये."

डोळे उघडले. काहीतरी बोलेल, हसेल, 'थट्टा केली' म्हणेल, म्हणून मी थांबले. त्याचा चेहरा बंद झाला – दुकानाची फळी लावावी तसा.

"शनिवारी टोपली आणून देतो," तो म्हणाला. आणि गेला.

तोंडदेखलं बोलणारा, मी मनात म्हटलं. सगळं छानच म्हणणारा. मला काय बोलला असेल आजवर, ते सगळं असंच.

*

शनिवारी टोपली आली, पण त्यानं ती ओट्यावर ठेवली आणि अंगणात जाऊन उभा राहिला. मी वरचं फडकं काढलं.

काळ्या ट्रफलचा वास उठला. आणि त्याच्या आत – दुसरा. आमच्याकडे ट्रफलच्या त्या हलक्या जातीला कस्तुरी म्हणतात. नाव गोड, पण वास कुजक्या मुळ्याचा. माती लागलेली असली की दोन्ही बहिणी सारख्याच दिसतात. माशी दोघींवरही बसते. नाकाला मात्र लगेच कळतं. गावातल्या कोणाच्याही नाकाला, लहान पोराच्यासुद्धा. एक कस्तुरी आत पडली तरी अख्खं पातेलं जातं.

टोपलीत निम्म्या तरी कस्तुरीच होत्या.

मला आधी राग आला. मग काहीच आलं नाही. मग एकदम सगळं आलं – रानातला पहिला गोळा, जो त्यानं स्वतःच्या नाकाशी नेला नव्हता. प्रत्येक रुमाल. प्रत्येक 'तू सांग'.

मी अंगणात गेले.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

"काहीच येत नाही?"

"काहीच नाही. ताप आला होता. ताप गेला तो वास घेऊनच गेला."

"कोणाला माहीत आहे?"

"नुगाला होतं. ती कच्च्याजवळ थांबायचीच नाही. कस्तुरीजवळ शिंकायची." "ती होती तोवर चालून गेलं."

"आणि ती गेल्यावर मी."

तो बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"बोल ना. कुत्री गेली, तर सिदोनीबाईंची भाची मिळाली. नाक चांगलं आहे तिचं. बोलावलं की डोळे मिटते. असंच ना?"

"आधी – हो."

इतकं सरळ म्हणेल, असं वाटलं नव्हतं. खोटं बोलला असता तर मला ओरडता आलं असतं.

"आधी हो," तो पुन्हा म्हणाला. "त्या दिवशी रानात तू 'पिकलेलं' म्हणालीस, मला वाटलं सुटलो. म्हणून यायला लागलो. पण रोझलीन... गेल्या आठवड्यात मी दोनदा रिकाम्या हातानं आलो होतो. तुझ्या लक्षात आलं नाही?"

आलं नव्हतं. तो आला होता, एवढंच आलं होतं लक्षात.

"मी वाईट काढून टाकते," शेवटी मी म्हणाले. "उरलेली पुरतील कशीबशी. कुणाला कळणार नाही. पण यापुढे मी तुझं नाक होणार नाही, व्हेराँ. तुला बायको हवी असेल तर तसं विचार. कुत्री हवी असेल तर पिल्लू पाळ."

बोलून गेले. शब्द अंगणात पडून राहिले. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि उताराच्या वाटेनं निघाला.

*

किसलेलं ट्रफल आदल्या दिवशीच लोण्यात घालून बरणी घट्ट लावावी. लोणी रात्रभर वास पितं. पण अर्धं ट्रफल वगळून ठेवायचं, ते पातेलं खाली उतरल्यावर. याला आच सोसत नाही. वास उडून जातो, आणि मग तो परत येत नाही.

*

रविवारी थाळी बाकाबाकातून फिरली. धूप कमी आणि ट्रफल जास्त, असं चर्च वर्षातून एकदाच असतं. सगळे खोल श्वास घेत होते. म्हातारी माणसं तर डोळे पुसत होती. व्हेराँ खांबाजवळ उभा होता. त्या सगळ्या श्वासांमध्ये एकटाच. मी बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

मग स्वयंपाकघर. चाळणी, वाफ, लोणी, दूध. ट्रफल कमी पडत होतं, मी बारीक, अजून बारीक किसत गेले. परातीत वाढलं तेव्हा काळे ठिपके विरळ दिसत होते. सभागृहात लांब टेबलं, गलका, पावाचे तुकडे एकमेकांना मारणारी मोठी माणसं.

बाजारात वजनकाट्याशी बसून सगळ्यांचं ट्रफल विकत घेणारा फुलक्राँकाका सगळ्यात आधी वाढून घेतो. त्यानं चमचा तोंडात घातला. गलका जरा उतरला.

"बटाटे सुंदर," तो म्हणाला. "पोरीचा हात आहे सिदोनीचा. पण ट्रफल कुठाय? व्हेराँ! बापाच्या काळात तुमच्या घरची टोपली दोघांना उचलावी लागायची. यंदा कंजूषपणा केलास का रे, का स्वतःच खाल्लीस?"

हशा झाला. मी दारात उभी होते, हातात पळी. 'यंदा पीक कमी', एवढं म्हण आणि बस, मी मनात म्हणत होते. बस खाली.

व्हेराँ उठला.

"टोपली भरलेली होती, काका. त्यात कस्तुरी होत्या. रोझलीननं काढून टाकल्या, नाहीतर आज सगळ्यांचं जेवण बिघडलं असतं."

"कस्तुरी? तुझ्या टोपलीत?"

"मला कळल्या नाहीत. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. नुगा होती तोवर ती सांगायची. मग हिनं सांगितलं, मी हिला न सांगता." त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं. "ते चुकलं."

चमचे थांबले. फुलक्राँकाकानं रुमालानं तोंड पुसलं, बराच वेळ.

"दोन वर्षं मी तुझा माल डोळे मिटून घेतला," तो म्हणाला. आवाज रागाचा नव्हता, त्याहून जड होता. "मिटून."

"माहीत आहे."

"आता तुझं प्रत्येक ट्रफल मी कापणार. लोकांसमोर. प्रत्येक."

"कापा."

"भाव पडेल तुझा."

"पडू दे."

काका अजून काही बोलणार होता. मग त्यानं परात उचलली आणि आपल्या हातानं व्हेराँच्या ताटात वाढलं. "बस. गार होतंय."

जेवणाच्या शेवटी चीज वाढेपर्यंत रांधणाऱ्यानं टेबलाशी बसायचं नसतं. आत्यानं स्वयंपाकघरातून माझ्याकडे डोळे वटारले. मी पळी तिच्या चांगल्या हातात दिली, ॲप्रन सोडला, आणि सगळ्यांच्या देखत बाकावर त्याच्याशेजारी जाऊन बसले.

त्यानं घास घेतला. जिभेवर फिरवला. या वेळी डोळे उघडे.

"मऊ आहेत," तो म्हणाला. "मीठ नेमकं आहे. गरम आहेत. एवढंच कळतंय."

"पुरे आहे."

"नाही पुरे." तो ताटाकडे बघत राहिला. "आधी वास आठवायचा तरी. आता आठवायला गेलं की नुसती जागा सापडते. आतलं काही नाही. सांगशील? माल विकायला नाही... मला."

मी त्याच्या ताटावर वाकले. आजूबाजूला गलका पुन्हा सुरू झाला होता.

"आधी काहीच नाही," मी म्हणाले. "मग ओकची पानं, खालच्या थरातली, काळी पडलेली. मग लोकरीचा जुना कोट, पेटीतून काढलेला. थोडा लसूण, पण लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखा. मग ऊब... कुणीतरी आत्ताच उठून गेलंय अशा अंथरुणाची."

"आणि?"

"आणि तू." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "तुझ्या बाह्या, तुझे हात. तू मागच्या दारात आलास की मी पाठमोरी असले तरी मला कळतं. ट्रफलमध्ये तुझा वास येतो की तुझ्यात ट्रफलचा, ते आता मला नाही सांगता यायचं."

टेबलाखाली त्याचा हात माझ्या हाताजवळ आला आणि थांबला, विचारल्यासारखा. मी माझा त्यावर ठेवला.

"परत सांग," तो म्हणाला. "सावकाश."

मी परत सांगितलं. या वेळी सुरुवात त्याच्यापासून केली.