बिघाडाचं कारण

पुस्तक चोरणाऱ्याला मी एक वेळ माफ करीन, पण भलत्या कपाटात ठेवणाऱ्याला नाही. त्यामुळे आमची ओळख भांडणानेच झाली.

ग्रंथालयाचा दुसरा मजला माझ्याकडे आहे. आमच्या मुख्य ग्रंथपाल, म्हणजे मोठ्या बाई, यांनी फर्मान काढलं होतं : अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांची सरमिसळ पुरे झाली, महिनाअखेरपर्यंत दोन कपाटं वेगळी हवीत. अद्भुतकथेला निळी चिठ्ठी, विज्ञानकथेला हिरवी. "दोन दिवसांचं काम आहे," म्हणाल्या. बोलायला काय जातं.

त्या सकाळी मी जिना चढून वर आले तर एक उंच माणूस निळ्या कपाटातलं पुस्तक काढून शांतपणे हिरव्यात सरकवत होता. खिशात स्क्रू ड्रायव्हर, बोटांना ग्रीस.

"अहो, काय चाललंय?"

"चुकीच्या जागी होतं." तो वळला. डोळे मात्र हसरे होते. "मी लिफ्ट दुरुस्त करायला आलोय."

"मग लिफ्ट करा ना. पुस्तकं ठणठणीत आहेत."

"हे नव्हतं."

पुस्तक पिवळ्या पुठ्ठ्याचं, पहिली चार पानं गळालेलं. त्यात एक बाई भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरवते आणि गेलेला दिवस परत येतो.

"याला तुम्ही विज्ञानकथा म्हणता?"

"सातव्या प्रकरणात ते घड्याळ बंद पडतं. ती ते उघडते, झिजलेलं चाक बदलते, ते परत चालतं. जे उघडून दुरुस्त करता येतं, ते यंत्र."

"आणि किल्ली देताना ती ज्याचं नाव मनात घेते, त्याच्याच सोबतचा दिवस परत येतो. ते कुठल्या चाकामुळे?"

तो मान खाजवत म्हणाला, "ते... बघावं लागेल."

बघायला त्याला तीन आठवडे मिळाले, कारण लिफ्टचा एक भाग बाहेरून यायचा होता. तोवर तो रोज येऊन उरलेली कामं करायचा, आणि रोज पिवळं पुस्तक मला हिरव्या कपाटात सापडायचं. मी ते निळ्यात ठेवायची. हळूहळू अडलेली पुस्तकं घेऊन मीच त्याच्याकडे जाऊ लागले. तो लिफ्टच्या दारात बसून डबा खायचा, मी पायरीवर.

"माणूस उडतो," मी विचारायची.

"कशाने?"

"आजीच्या आशीर्वादाने."

"निळं."

"आजी शास्त्रज्ञ आहे."

"मग आशीर्वादाचा पुरावा मागा." तो हसायचा आणि डब्यातला मोठा वाटा माझ्याकडे सरकवायचा.

एकदा म्हणाला, "साधं आहे. हिरव्या कपाटात कारण लागतं."

"आणि निळ्यात इच्छा पुरते. पण तिथे अट असते. मागे वळून बघायचं नाही, ठरल्या वेळेच्या आत परत यायचं."

"मग तुमचंच कठीण. कारण नाही सापडलं तर शोधता येतं. अट मोडली की संपलं."

हे बोलताना तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी पुस्तकात तोंड खुपसलं... उलटं धरलेल्या.

सरळच सांगते, मला तो आवडायला लागला होता. जिन्यात त्याची हत्यारांची पेटी वाजली की माझा दिवस सुरू व्हायचा.

आणि मग लिफ्टचा तो भाग आला. शुक्रवारी लिफ्ट सुरू झाली. त्याने मला दोनदा वर-खाली नेऊन दाखवलं. तीन आठवडे वाद घालणारी आम्ही दोघं, त्या चार भिंतींत मात्र मजल्यांचे आकडे बघत राहिलो.

"येतो," तो म्हणाला.

"या," मी म्हणाले.

झालं, एवढंच. पिवळं पुस्तक हिरव्यातच होतं. मी ते हलवलं नाही.

पुढचे पाच दिवस ती मेली लिफ्ट लोण्यासारखी चालली. सहाव्या दिवशी सकाळी मी आत गेले, दुसऱ्या मजल्यावर लाल बटण दाबून ती अडवली आणि कंपनीला फोन केला, "बंद पडलीय."

मोठ्या बाईंच्या गुडघ्यांचा विचार मी केलाच नव्हता. तो आला, पेटी उघडून बसला, तेवढ्यात बाई एकेक पायरी मोजत वर पोहोचल्या.

"आठवडाही टिकली नाही. काम कच्चं, असंच लिहा तुमच्या कागदावर. सही मी करते. तुमच्या साहेबांनाही कळवते."

त्याने लाल बटणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ते बाहेर ओढलं, दिवा लागला. कागदावर एक रकाना होता, 'बिघाडाचं कारण'. त्यात त्याने लिहायला घेतलं : माझी चूक...

गंमत माझी आणि डाग त्याच्या कामावर?

"थांबा. बटण मी दाबलं होतं."

"का?" बाईंनी विचारलं.

"यांना... परत बोलवायचं होतं."

बाईंनी आधी मला न्याहाळलं, मग त्याला, मग स्वतःचा गुडघा चोळला. "एवढ्यासाठी मला अठ्ठेचाळीस पायऱ्या चढवल्यास? फोन नंबर मागता येत नव्हता?" आणि लिफ्टमध्ये शिरून त्या खाली गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. माझे कान तापले होते.

"कारण काय लिहू?" त्याने हळूच विचारलं.

"तू मला आवडतोस, हे."

त्याने लिहिलं नाही. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. आमच्याच ग्रंथालयाच्या सभासदत्वाचा अर्ज, पूर्ण भरलेला. तारीख शुक्रवारची.

"त्या दिवशी जाताना खालून घेतला. रोज दारापर्यंत येत होतो. वर यायला कारण सापडेना." तो थांबला. "मलाही तू... खूप. लिफ्ट चालू झाली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं."

मी अर्जावर शिक्का मारला. घाईत शिक्का तिरका उमटला. पहिलं पुस्तक म्हणून त्याने पिवळं पुढे केलं.

"पंधरा दिवसांत परत आणायचं," मी म्हणाले.

"म्हणजे अट आहे?"

"आहे."

"मोडणार नाही."

महिनाअखेरीस बाईंना यादी दिली. प्रत्येक पुस्तकापुढे निळं किंवा हिरवं. पिवळ्यापुढे मी लिहिलं : वाचकाकडे. त्याला आता तीन वर्षं झाली. दर पंधरा दिवसांनी मी त्याची तारीख वाढवते. पुस्तक आमच्या घरी, आमच्या एकुलत्या एका कपाटात असतं, आणि सातव्या प्रकरणावरून आम्ही अजून भांडतो.