दोनशे चौदा बरोबर एक

हरकती आल्या होत्या दोनशे चौदा. अहवालाच्या मसुद्यात आकडा होता एक.

आवकबाईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकच.

कार्यालयात तिला सगळे आवकबाईच म्हणत. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. मजकूर वाचायची तिला सवय नव्हती. ती फक्त वरचा कोपरा बघायची, शिक्क्याला जागा आहे का ते.

ओढे-नाले संरक्षण कायद्याचा फेरविचार चालू होता. लोकांनी लेखी हरकती द्यायच्या, मग जाहीर सुनावणी, मग समितीचा निर्णय. सगळा वाद एका कलमाचा होता. वस्तीच्या वरच्या अंगाला कारखान्याने वापरलेलं पाणी ओढ्यात सोडू नये, एवढंच ते कलम सांगत होतं. आजवर ते कागदावरच होतं, आणि समिती आता तेच काढायला निघाली होती.

ती मसुदा घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेली.

"साहेब, हे एक कसं?"

"मजकूर सगळ्यांचा एकच आहे ना? एकाच मजकुराच्या हरकती एक धरायच्या. टिपणी तुमच्याच हातून गेली की."

गेली होती खरी, मागच्या वर्षी. तेव्हा तिला हसूही आलं होतं. घरी जेवताना तिने ती गंमत म्हणून सांगितली होती.

"पण माणसं दोनशे चौदा आहेत."

"माणसं मोजायला जनगणना असते, बाई. इथे मुद्दे मोजतात. उद्या अकराला सुनावणी. काही नवं निघालं नाही तर कलम गेलं म्हणून समजा. आणि कायद्याच्या मसुद्यात चूक असती तर तुम्हालाच दिसली असती. मागच्या आठवड्यात सोमवारी तपासायला घरी नेला होतात ना?"

आवकबाईला राग यायला हवा होता. आला नाही. चार महिन्यांपासून तिला काहीच येत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी तिची भाची गेली. सहा वर्षांची. धाकट्या बहिणीचं घर ओढ्याच्या अगदी काठावर. पोर सकाळी ओढ्यावर तोंड धुऊन आली, दुपारी तापली, तिसऱ्या दिवशी संपली. दाखल्यावर कारण लिहिलं, ताप. धाकटी तेव्हापासून रडलेली नव्हती. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या की दोन बंद दुकानांसारख्या बसायच्या. आवकबाईचा नवरा त्याच कारखान्यात रंगखात्याचा मुकादम. त्याचा टॉवेल घरात वेगळा असायचा, रंग लागतो म्हणून. त्या विषयावर तो एक शब्द बोलला नव्हता, आणि हिने विचारलं नव्हतं.

धाकटीने हरकत लिहिली होती, चांगली चार पानं. "बघ बरं ताई, बरोबर आहे का," म्हणून आणून दिली. ताईने ती मागच्या आठवड्यात सोमवार-मंगळवार दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवली, वाचली आणि परत केली. कर्मचाऱ्याने नातेवाइकाचा कागद हातात घ्यायचा नाही, तूच खिडकीवर दे, असं सांगून. नियम म्हणजे नियम.

आता तिने गठ्ठा सोडला. शनिवारी, शेवटच्या दिवशी, वस्तीतल्या दोघांनी तो एकत्र आणून दिला होता. धाकटीचा कागद सापडला. चार पानं नव्हती, एकच झेरॉक्स होती, खाली धाकटीची सही.

"कलम अकरा काढू नये. पाणी तिसऱ्या पायरीला लागले की त्याचा रंग बदलतो. त्यामुळे आजार होतात. विनंती."

पुढचा कागद तोच. त्याच्या पुढचा तोच. आणि प्रत्येकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा डाग, अंगठ्याएवढा.

जेवणाच्या सुट्टीत ती वस्तीत गेली.

"तुझी चार पानं कुठे आहेत?"

"झेरॉक्सच्या दुकानात," धाकटी म्हणाली. "प्रत काढायला गेले होते. तो म्हणाला, ऑफिसचा नमुना आलाय, असाच द्यायचा, नाहीतर फेटाळतात. सगळेच सही करत होते. मीही केली."

"वाचलंस का आधी?"

"वाचलं. शुद्ध होतं. माझ्यासारखं वेडंवाकडं नव्हतं."

"आणि त्यातली ती पायरी?"

"माझ्या दारातली. ओढ्याला पायऱ्या दुसरीकडे आहेत कुठे? सरकारला कसं कळलं, असं आलं मनात. मग म्हटलं, कळलं असेल. सरकारच ते."

शेजारीण दारातून डोकावली. "आमच्याकडे पायरी सोडा, धड उतारसुद्धा नाही. घसरत जातो आम्ही पाण्याला. पण ऑफिसच्या कागदाला नाही कोण म्हणणार?"

हे असं आहे. लोकांना बोलायला बोलावतात आणि मोजायची रीत आपल्या खिशात ठेवतात. आणि लोकही असे, की सरकारपुढे उभं राहिलं की त्यांना आपलीच भाषा उष्टी वाटते. ज्याने हा डाव टाकला, त्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या.

झेरॉक्सवाला मशीनचं झाकण पुसत होता.

"नमुना कोणी दिला?"

"देणारा दिसलाच नाही, काकू. दुकान उघडलं तर शटरखाली पाकीट, वर छापलेलं, 'ऑफिसचा नमुना, असाच द्यावा, नाहीतर फेटाळला जाईल.' बुधवारी."

"बुधवारच कशावरून?"

"मशीन साफ करणारा बुधवारीच येतो. त्याच्यासमोर फोडलं."

"पाकीट आहे?"

"फेकलं. मूळ कागद आहे." त्याने खणातून काढून दिला.

कोपऱ्यातला डाग मुळात काळा नव्हताच. जांभळा होता.

आवकबाईने त्या डागावर आपला अंगठा ठेवून बघितला.

"आणि लोकांनी हाताने लिहिलेली पत्रं?"

तो खाली बघायला लागला. "इथेच टाकून गेले सगळे. पाठकोरे कागद, काकू. ट्रायल प्रिंटला वापरले. मला काय माहीत, कामाचे असतील?"

"उरलेत किती?"

दोघांनी मिळून मोजले. एकोणसाठ जणांची पत्रं धड होती. एकाने मेलेल्या माशांचं वजन लिहिलं होतं. एकीने लिहिलं होतं, वाळत घातलेली पांढरी चादर आता पांढरी राहत नाही. प्रत्येकाचं वेगळं. त्या पत्रांमागे कुणाच्या लग्नपत्रिकेची, कुणाच्या गुणपत्रिकेची अर्धीमुर्धी छपाई. धाकटीची चार पानं त्यात नव्हती.

दुकानाबाहेरच्या बाकावर बसून तिने बोटांवर मोजलं. आधी कलम अकरा. मग तिसरी पायरी. मग डाग. तिसऱ्या बोटाला ती थांबली.

घरी जाऊन तिने स्वयंपाक केला. नवरा पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढे समिती, डावीकडे साहेब, तिसऱ्या रांगेत कारखान्याची माणसं आणि त्यांत मुकादम. वस्ती मागे, भिंतीला टेकून. सातव्या क्रमांकाला आवकबाई उठली.

"तुम्ही कर्मचारी आहात," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला बोलता येणार नाही."

"आज रजा टाकलीय. नागरिक म्हणून नाव नोंदवलंय."

साहेबांनी यादी बघितली आणि मान हलवली. नाव होतं.

"या दोनशे चौदा हरकती एक नाहीत," ती म्हणाली. "एक केल्या गेल्या. लोकांनी आपापली पत्रं लिहिली होती. त्यांतली ही एकोणसाठ. बुधवारी कोणीतरी दुकानात खोटा नमुना टाकला, ऑफिसचं नाव घालून."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

"ज्याला एकाच मजकुराचा नियम माहीत होता. तो नियम बाहेर जाहीर झालेला नाही."

"म्हणजे कार्यालयातलं माणूस?"

"किंवा कार्यालयातल्या माणसाच्या घरचं. नमुन्यात कलम अकरा आहे. लोकांकडे जो मसुदा होता त्यात हे कलम नऊ होतं. अकरा झालं सोमवारी, आपल्या आतल्या मसुद्यात. प्रती निघाल्या पाच. लोकांना नवा आकडा कळला शुक्रवारी. नमुना आला बुधवारी."

साहेब ताठ बसले. "माझी प्रत माझ्या कपाटात आहे!"

"आहे, साहेब. माझी घरी होती." ती थांबली नाही. "नमुन्यात तिसरी पायरी आहे. पायऱ्या अख्ख्या ओढ्याला एकाच दारात आहेत, माझ्या बहिणीच्या. तिने ते चार पानांत लिहिलं होतं. नमुना येण्याआधी ती पानं दोनच घरांत होती, तिच्या आणि माझ्या. तिच्या घरी मसुदा नव्हता. मसुदा आणि पत्र एकाच टेबलावर पडले होते, ते माझ्या. आणि हा मूळ कागद. हा अंगठा रंगखात्यातला आहे. तो मी रोज साबणाच्या वडीवर बघते."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मुकादमाने हात खिशात घातले नाहीत. तो उठून उभा राहिला.

"मी एकही कागद फाडलेला नाही," तो म्हणाला. आवाज साधा होता, घरी पाणी मागतो तसा. "कोणाला अडवलं नाही. सगळ्यांना बोलू दिलं. एका आवाजात, एवढंच."

"का?" अध्यक्षांनी विचारलं.

"कलम राहिलं तर आता ते पाळावं लागणार, म्हणजे रंगखातं बंद होणार. आम्ही एकशे ऐंशी जण आहोत. आमचं कोण ऐकणार होतं?"

"मी," आवकबाई म्हणाली. "खिडकी तीच होती. तुम्ही तुमची हरकत तुमच्या सहीने द्यायची होती. मी शिक्का मारला असता."

तो खाली बसायला लागला.

"अहो, वाक्य तिचंच का घेतलंत?"

त्याने जरा विचार केला. "चांगलं होतं ते. वाचलं की खरं वाटत होतं."

मागे भिंतीपाशी कोणीतरी शिवी दिली. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. मग त्यांनी सांगितलं : एकोणसाठ पत्रं एकोणसाठ धरायची. बाकीच्यांना आठ दिवस, हरकती स्वतःच्या शब्दांत. तोपर्यंत कलमाला हात लावायचा नाही. नमुन्याची तक्रार पोलिसांत.

मुकादम दोन शिपायांच्या मधून बाहेर गेला. जाताना त्याने बायकोकडे बघितलं. तिनेही बघितलं. आत काही हलतंय का, म्हणून ती वाट बघत राहिली. काही हललं नाही.

साहेब जवळ आले. "तुमच्या प्रतीतून फुटलं, बाई. चौकशी लागणार. टेबलाची किल्ली द्या."

तिने दिली.

सभागृह रिकामं झालं. धाकटी शेवटच्या बाकावर बसून होती. आवकबाई तिच्याशेजारी जाऊन बसली.

"माझी पानं नाहीतच ना त्यात?"

"नाहीत."

"मग परत लिहायला हवं." तिने कोरा कागद मांडीवर घेतला. "तसंच लिहू, वेडंवाकडं?"

"तसंच लिही."

धाकटी लिहायला लागली. पहिली ओळ, दुसरी, पायरीची ओळ, पोरीची ओळ. मग पेन थांबलं. ती कागदाकडेच बघत होती.

"ताई, कारखान्याचं पाणी सोडायचा हुकूम मुकादम देतो ना?"

"हो."

"त्या दिवशी पण भाऊजींनीच दिला असेल."

"त्यांचीच पाळी होती. मी डबा भरून दिला होता."

धाकटीने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. "मग तेही लिहू?"

"लिही," आवकबाई म्हणाली. "पण पूर्ण नाव लिही. नुसतं भाऊजी लिहिलंस तर कार्यालयाला कळणार नाही."