लाकडांखालचा डायनामाइट

ओंडक्यांखाली डायनामाइटच्या सहा कांड्या निघाल्या, तेव्हा शेरीफ जाबेझ ट्रेगियरला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

जळणाची ती खोपटी होती वाइनो सालमेलाची. मिशिगनच्या त्या तांब्याच्या खाणीतला संप त्याच्याच शब्दावर उभा होता. सकाळी कुणीतरी तोंडावर फडकं धरून टेलिफोन केला होता, "सालमेलाची खोपटी बघा."

जाबेझनं एक कांडी दाबली. ती बोटांखाली दबली. शेजारच्या बादलीतलं पाणी मात्र दगड झालं होतं. मागच्या अंगणात रात्री पडलेल्या बर्फावर पावलांची एकच वाट होती, स्वयंपाकघराच्या दारापासून खोपटीपर्यंत. तो स्वतःही घरातून त्याच वाटेनं आला होता. बाकी कुंपणापर्यंत बर्फ कोरा.

वाइनो पहाटेपासून युनियनच्या सभागृहात होता. शंभर माणसांदेखत त्याला धरून आणावं लागलं.

दुपारी जाबेझ खाणीचा मालक थॅचर याच्यासमोर उभा राहिला.

"तुमच्या पहारेकऱ्यांचं काम का हे?"

"त्याला संपवायचंच असतं, तर माझी माणसं एवढा खटाटोप करतील?" थॅचर हसला. "तुम्हाला ठाऊक आहे की."

जाबेझची मान खाली गेली. गेल्याच आठवड्यात त्या पहारेकऱ्यांनी वाइनोच्या सोबत्याला भररस्त्यात गोळी घातली होती. साक्षीदार होते. जाबेझनं कुणालाच धरलं नव्हतं.

तिथून तो थेट वाइनोच्या घरी गेला. त्याची बायको हिल्या कणीक मळत होती.

"वहिनी, वाइनो आणि मी एकाच खाणीत राबलोय. थंडीत डायनामाइट गोठतो. रात्रभर खोपटीत असता, तर लाकडासारखा कडक झाला असता. म्हणजे तो सकाळीच उबेतून तिथं गेला. बाहेरून कुणी आलं असतं, तर बर्फावर पावलं उमटली असती. वाइनो घरात नव्हता. मग उरलं कोण?"

तिचे हात चालूच होते.

"कांड्या मीच चुलीमागे ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "टेलिफोनही मीच केला. वाण्याच्या दुकानातून."

"नवऱ्याच्या जिवावर उठलीस?"

"जिवावर? त्याच्या सोबत्याच्या दफनाच्या दिवशी तुमच्या दारात रडत उभी होते मी. माझ्या माणसाला सांभाळा म्हणून. तुम्ही काय म्हणालात, साहेब? 'आत असला तरच जगेल तो.'"

म्हणाला होता खरा. तिला दारातून घालवायला म्हणाला होता.

"वीस वर्षांची सजा होईल त्याला."

"वीस वर्षं जिवंत तर राहील!"

"आणि संप?"

आता मात्र तिचे हात थांबले.

"सकाळपासून बायका येताहेत. स्वतःच्या पोरांच्या तोंडचा पाव मला देताहेत. म्हणतात, धीर धर. त्यांच्याकडे बघवत नाही हो मला."

संध्याकाळी ती स्वतः कोठडीपाशी आली. जाबेझनं दार उघडलं. आपल्या भाषेत तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. वाइनोनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तो बाकावर थोडा सरकला. ती त्याच्याशेजारी बसली.

"हिनं भीतीपोटी केलं," वाइनो म्हणाला. "तू कशापोटी गप्प बसलास, जाबेझ?"

जाबेझनं खुंटीवरच्या बेड्या काढल्या, आणि एकटाच पहारेकऱ्यांच्या छावणीच्या वाटेला लागला.