जुनं पाणी

डॉ. इंदुमती घोरपडे यांची कंबर गेली ती प्रयोगशाळेतल्या टाकीपायी. टाकीत टिपकी मासे होते. त्यांची नदी मेली, तेव्हा बाईंनी उरलेले मासे नदीच्या पाण्यासकट उचलून आणले. त्यातलेच काही मासे आणि थोडं पाणी विदर्भातल्या सरकारी मत्स्यकेंद्रात नेऊन दुसरी टाकी भरली. या दोन टाक्या सोडल्या, तर जगात टिपकी कुठेच नव्हती.

बाई दर आठवड्याला नळीने थोडं पाणी काढत आणि बादल्यांनी नवं भरत. सगळं पाणी कधीच काढत नसत, मासे बिचकतात म्हणत. मॅडम पाणी बदलत नाहीत, विरजण लावतात, असं अभियंता हेरंब पालकर चिडवायचा. बाई कंबर धरून हसायच्या.

शेवटी त्यालाच त्यांची दया आली. त्याने जलपालट यंत्र केलं. बटण दाबलं की गाळासकट जुनं पाणी निघून जाई आणि निर्जंतुक, नेमक्या क्षारांचं नवं पाणी त्याच वेगाने आत येई. माशांना पत्ताही लागत नसे. बाईंनी त्याला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली आणि एक यंत्र हौसेने विदर्भातही धाडलं.

पुढच्या हंगामात अंडी फुटली नाहीत. आत पिल्लं वळवळताना दिसत, पण कवच फुटत नसे. सुईने फोडून पाहिलं, तर पिल्लू दगावलं. हेरंबने पाणी पुन्हापुन्हा तपासलं. पाण्यात काहीच वाईट नव्हतं.

अखेर बाईंनी स्पिरिटमध्ये जपलेलं एक जुनं कवच सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

"हे जिवाणू बघ. कवच हेच कुरतडून मऊ करायचे. पिल्लाच्या अंगात तेवढी ताकद नसते."

"मग हेच पाण्यात सोडू."

"हे मेलेले आहेत. जिवंत होते ते जुन्या पाण्यात. मी मागे ठेवायचे त्या पाण्यातून ते नव्यात वाढायचे. ते खरंच विरजण होतं, हेरंब, आणि आपण पातेलंच घासून ठेवलं."

नदीत तर आता कारखान्याचं सांडपाणी वाहत होतं. हेरंबला विदर्भातली टाकी आठवली. बाईंनाही आठवली होती, आणि तिथे धाडलेलं यंत्रही. पण सरकारी काम, खोकं अजून कोपऱ्यात धूळ खात पडलं असेल. उभ्या जन्मात बाईंनी सरकारी दिरंगाईला नावंच ठेवली होती. आज त्यांनी तिच्यासाठी देवाला हात जोडले.

फोनवर केंद्रप्रमुख वामनराव उईके होते. यंत्राचं विचारताच खूश झाले.

"तुमच्या कामाला उशीर कसा करू जी? आलं त्याच दिवशी बसवलं. टाकी अशी लख्ख झाली, मॅडम, तळ दिसतो. अंडीही भरपूर घातलीत यंदा."

छान झालं, म्हणाल्या बाई. खरं सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

फोन ठेवून त्या टाकीजवळ येऊन बसल्या. स्वच्छ पाण्यात नर मासा अंड्यांना पंखाने वारा घालत होता. बाईंना रडू आवरेना.