बिनरंगी हात

चिताऱ्यांसाठी दुपारचं गरम चॉकलेट घेऊन मी रोज चित्रशाळेत जाते, तशी आजही गेले. पावसाआधीचा उकाडा होता. अंगणभर डिंकाचा आणि चुरगळलेल्या पानांचा वास पसरला होता.

आमच्या मारिकीता गावातले चितारी जंगलातून आणलेली झाडं स्पेनच्या राजासाठी कागदावर उतरवतात. प्रत्येक चित्रात एक पान नुसतं रेषेचं ठेवायचं, बिनरंगाचं. शिरा नीट दिसाव्यात म्हणून, असं साहेब लोक म्हणतात. पण दूरच्या कीतो शहरातून आलेले चितारी हळूच सांगतात, ते पान कोरं आहे तोवर फूल कोमेजत नाही. एकदा एका नवख्याने चुकून ते पान रंगवलं, तर समोरच्या भांड्यातलं टवटवीत फूल बघता बघता काळं पडलं.

माझे बाबा आन्सेल्मो त्यांच्यातलेच. लहानपणी मी तापाने फणफणले होते. पाद्री शेवटची प्रार्थनाही म्हणून गेले होते. तेव्हा बाबा माझं चित्र काढायला कागद घेऊन माझ्या खाटेशी बसले.

"हलू नकोस हं, रुफिना..."

कुंचला माझ्याच गालावरून फिरतोय असं वाटत होतं. गार, ओला. फार बरं वाटत होतं मला. सकाळी ताप उतरला. डावा हात मात्र मनगटापासून पांढराफटक राहिला, कडेने बारीक काळी रेघ. कितीही घासला तरी ती जात नाही. ते चित्र कुठे ठेवलंय, हे न सांगताच बाबा देवाघरी गेले.

आज चित्रशाळेत पाहते तर चित्रांच्या सगळ्या पेट्या उघड्या. म्हातारे कासिमिरो काका दारातच भेटले.

"या राणीसरकार! आज दुप्पट चॉकलेट लागणार. आत नवी पोरं बसवलीत."

"कशाला?"

"माद्रिदहून नवा साहेब आलाय. म्हणतो, राजाला काय अर्धवट झाडं पाठवायची? सगळी कोरी पानं रंगवून टाका!"

"आणि फुलं, काका?"

"अगं, ती केव्हाच वाळून..." त्यांची नजर माझ्या शालीखालच्या हातावर गेली.

"बाबांचे कागद कुठे आहेत?"

"सकाळीच वाटले गं..."

मी आत धावले. एकेकाच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. सगळीकडे झाडंच झाडं. माझं चित्र कुणाकडेच नव्हतं. मला रडू फुटलं. भीतीने की सुटकेने, कोण जाणे. संध्याकाळी काकांनी सगळ्यांना घरी पाठवलं, स्वतःच्या हाताने कुलूप लावलं आणि मला सोबत म्हणून इथे माझ्या घरी येऊन बसले. किल्ली अजून त्यांच्याच कमरेला आहे.

काका, दिवा जरा जवळ घ्या. हाताला गार लागतंय... ओलं. फार बरं वाटतंय, अगदी तेव्हासारखं.

काका, रडताय कशाला? बघा तरी, करंगळी किती सुंदर रंगवलीय. आता कुंचला शेजारच्या बोटावर आलाय.