कारखान्यातला निळा कापूस

"आग लागो तुमच्या मशिनीला!" असं मैना सकाळी म्हणाली आणि दुपारी मशिनीला खरंच आग लागली. तिला दोषी धरायला हमरापूर गावाला एवढं पुरेसं होतं.

पेणहून फौजदार शांती ठाकूर पोचल्या तेव्हा हैबतरावांच्या गणपती कारखान्यासमोर छत्र्यांची गर्दी जमली होती. कारखान्याला लागूनच असलेल्या घराच्या मागच्या खोलीतला कपडे वाळवायचा ड्रायर काळाठिक्कर पडला होता. माणूस कुणी भाजलं नव्हतं. घरकाम करणारी मैना मात्र दाराशी उकिडवी बसली होती. वाडीवरची कातकरी बाई ती. एकदा आग लावल्याचा डाग लागला की पुन्हा कुठलंच घर तिला दारात उभं करणार नव्हतं.

"हिनंच लावली, मॅडम," हैबतराव गरजले. "मशीन हीच चालवते."

"मैना, मशीनच्या दारातली, कपड्यांचा कापूस अडवणारी जाळी साफ करत होतीस?"

"रोज. त्यो कापूस घरी नेते, चूल पेटवायला लय बरा. हा बगा."

तिच्या पिशवीत निळ्या कापसाचा बोळा होता. हैबतरावांचा मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा, त्याच्या युनिफॉर्मचा रंग. पण चूल पेटवणारा कापूस मशीनही पेटवतो. शांतीबाईंचा संशय हलला नाही.

"सकाळचं भांडण कशावरून?"

"कपडे सुकतच नाय. दोन-दोन येळा फिरवते तरी ओलेच. मालक माझ्यावरच खेकसले, तवा तोंडातून गेलं."

शांतीबाईंनी मशीनमागे वाकून पाहिलं. गरम हवेचा पाइप घराबाहेर जायला हवा. हा भिंतीतून थेट मूर्तींच्या शेडमध्ये घुसला होता.

"पावसात मूर्ती वाळत नाय," हैबतराव पुटपुटले. "म्हटलं, फुकटची गरम हवा."

शेडमध्ये त्यांचा धाकटा भाऊ पोपट मूर्तींचे डोळे रेखत होता. धूर पहिल्यांदा त्यानंच पाहिला, बटणही त्यानंच बंद केलं. "बाईचा राग वाईट, मॅडम," तो मान वर न करता म्हणाला.

मागच्या रांगेतल्या गणपतींच्या पिवळ्या पितांबरात निळी लव रुतली होती. पुढची, अलीकडेच रंगवलेली रांग स्वच्छ होती. खिळ्याला एक फडकं लटकत होतं.

"हे कशाचं?"

"रंग गाळायचं."

"रोज ह्यानंच गाळता?"

"व्हय."

शांतीबाईंनी फडकं उलटून पाहिलं आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"कपडे तेच, पाइप तोच. मग पुढच्या मूर्तींवर कापूस का नाही? कुणीतरी पाइपच्या तोंडाला फडकं बांधलं म्हणून. हे बघा, एका बाजूला निळ्या कापसाचा गोल थर. अशा फडक्यानं रंग गाळला तर रंगात कापूसच उतरेल. हवा कोंडली म्हणून कपडे ओले राहायला लागले. तरी मशीन फिरतच राहिली, तापत गेली आणि पाइपात साचलेल्या कापसानं पेट घेतला. मैनानं जाळी साफ केली होती. भिंतीपलीकडचं फडकं तिला दिसणार कसं? आग लागल्यावर ते सोडायला मात्र एकच माणूस इथं होता. काय, पोपटराव?"

पोपटच्या हातातला कुंचला खाली पडला.

"ओल्या डोळ्यांवर कापूस बसत व्हता. मला काय ठाऊक, मशीन पेटंल!"

"नव्हतं ठाऊक, मान्य. मग फडकं का सोडलंत?"

"दादानं हाकलला असता."

"म्हणून हिला अडकवलंत?"

हैबतरावांनी भावाकडे पाहिलं, मग भिंतीतल्या भोकाकडे. ते भोक त्यांनी स्वतःच पाडलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"पाइप आजच बाहेर काढतो. मैना, उद्यापासून ये गो कामाला."

मैना उठली. तिनं पिशवी काखेत मारली.

"येईन. पर आदी भायेर जाऊन सांगा, मी नाय लावली."

हैबतराव दारात गेले. छत्र्यांकडे न बघता हळूच म्हणाले, "मैनानं आग लावली नाय."

"मोठ्यानं," शांतीबाई म्हणाल्या.