मनोरंजनाच्या चाळीस फेऱ्या

“ड्युटी की मनोरंजन?”

सायकलची चेन उतरली म्हणून कुणाल काल्हेरच्या खाडीबांधावर वाकला होता. त्यानं वर पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्चीत एक मुलगी, मांडीवर फॉर्म, नाकावर गोदामांची धूळ... आणि त्या धुळीतही डोळे असे, की कुणालनं ग्रीसचा हात स्वतःच्याच शर्टाला पुसला.

“कसली ड्युटी?”

“सायकल कशासाठी चालवताय? कामासाठी की मनोरंजनासाठी? एकावर खूण करायची असते.”

तिचं नाव धम्मदिना. फिरायच्या वाटा आणि सायकलमार्ग यांच्यासाठी राज्याची एक सल्लागार परिषद होती. धम्मदिना त्या परिषदेची दहा दिवसांपुरती सर्वेक्षक. नियम साधा होता. दहा दिवसांत मनोरंजनाच्या चाळीस फेऱ्या नोंदल्या गेल्या, तर या बांधावर सायकलमार्ग करावा अशी शिफारस परिषद सरकारला करणार. परिषद स्वतः काही बांधत नसे. ती सल्ला देई, आणि सरकार तो सल्ला फार जपून ठेवी.

“काल्हेरात मनोरंजन?” कुणाल हसला. तो पूर्णा गावातल्या गोदामात सुपरवायझर, सात ते तीन. “ड्युटी लिहा.”

तिनं लिहिलं. पुढं जाता जाता त्याला उगीचच चुकल्यासारखं वाटलं.

तीन दिवसांत मनोरंजन शून्य. यंत्रमागावरचा एक लूमवाला म्हणाला, “मॅडम, टाइमपास के लिए टाइम किसके पास है?” नामा वॉचमन तर चिडलाच. “मनोरंजन? माझी शिफ्ट हाय, बाय! माझ्या घरच्यांना सांगशील असलं काय!”

चौथ्या दिवशी सव्वातीनला कुणाल इस्त्रीच्या शर्टात हजर.

“मनोरंजन,” तो म्हणाला.

तिची भुवई वर गेली. “पलीकडच्या टोकाला जाऊन या. मगच फेरी धरते.”

तो गेला, आला. पुन्हा गेला... खारफुटीतले बगळेसुद्धा कंटाळून उडाले.

“दमलात?”

“न्हाय. मनोरंजन चाललंय.”

“तोंडावर दिसत नाही.”

“तुम्ही विचारत राहा, दिसंल.”

ती हसली नाही. फक्त लिहिताना तिच्या पेनानं कागद फाडला.

मग रोज पाच फेऱ्या, कधी सहा. सहाव्या दिवशी ती सहज म्हणाली, “दहा दिवस झाले की मला पालघरला पाठवणार.” आणि सहज म्हणून त्याच्याकडे बघतच राहिली. तेव्हापासून कुणालचं मन थाऱ्यावर नव्हतं. पलीकडच्या टोकाला तो एक वाक्य पाठ करी. खुर्चीजवळ येईपर्यंत त्याचं “लिहा, मॅडम” होई.

दहाव्या दिवशी परिषदेचे एक सदस्य आले. मोटारीतून. टपावर सायकल होती. तिचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

“चाळीस! वा! पण... सगळ्या एकाच माणसाच्या?”

“नियमात फेऱ्या आहेत सर, माणसं नाहीत.”

साहेब वीस वर्षं परिषदेत होते. नियमाशी ते वाद घालत नसत. कुणालकडे वळून त्यांनी विचारलं, “या मार्गाचं आकर्षण काय हो?”

कुणालनं खाडीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिचं पेन हवेतच थांबलेलं...

“हवा,” तो म्हणाला.

साहेबांनी खोकत खोकत लिहून घेतलं. “मॅडम, इथं सही. ‘सर्वेक्षणकाळात कोणत्याही सायकलस्वाराशी माझे वैयक्तिक संबंध नाहीत.’”

धम्मदिना थबकली. सही नाही केली, तर चाळीस फेऱ्या रद्द. केली, तर—

“सर, सर्वेक्षणकाळ संपतो कधी?”

“आज सहाला.”

तिनं घड्याळ पाहिलं आणि ठळक अक्षरात सही केली. साहेब फॉर्म घेऊन गेले. कुणालनं सायकलचं स्टँड काढलं.

“तुम्ही सही केलीत...”

“खरंच आहे ते. अजून दहा मिनिटं खरं आहे. कुठं निघालात?”

तो थांबला. टायर दाबून पाहिला. बांधावर बसला, उठला.

“बसा ना एका जागी.”

“बसवत न्हाय.”

सहाला दोन मिनिटं असताना त्याला राहवेना. “मला तुम्ही—”

“गप! शिफारस घालवाल!”

दोघं घड्याळाकडे बघत राहिले. सहा वाजले. तिनं पेनाला टोपण लावलं, खुर्ची मिटली.

“हं, बोला आता. आणि ‘हवा’ म्हणालात ना, तर बघा.”

कुणाल बोलला. एकूण चार वाक्यं, त्यातली दोन उलटसुलट. धम्मदिनानं नीट ऐकून घेतलं, आणि कुठंही काहीही न लिहिता हळूच म्हणाली,

“मलाही.”